अजगराचा कंबरपट्टा

एका जंगलात, मुलांनो, कंबर दुखणारं एक अस्वल राहत होतं. तुमच्या कंबरा अजून शाबूत आहेत, म्हणून तुम्हाला हसू येतंय. हसा. चाळिशी गाठा, मग भेटू.

अस्वलाचं नाव दादबा. मधाचं पोळं काढताना त्याच्या कंबरेत उसण भरली. उसण गेली, दुखणं राहिलं. पाहुणा गेला आणि पिशवी विसरला, तसं.

दादबा टिटवीबाईंकडे गेला. नदीकाठच्या हाडवैद्य त्या. त्यांनी त्याला वाकवलं, वळवलं, चोचीने टकटक केलं.

"मोडलेलं काही नाही, दादबा. रोज थोडं चाला. असं उताणं पडून पाय वर करा. दुखेल, पण दुखतंय म्हणजे बिघडतंय असं नव्हे."

"आणि औषध?"

"हेच."

दादबा तणतणत घरी आला. "एवढं माझं दुखणं, आणि ती म्हणते चाला! म्हणजे मी काय नाटक करतोय?"

"तसं कुठे म्हणाल्या त्या?" अस्वलीणबाई म्हणाली. "आणि चालायचंच आहे, तर जरा सरपण आणा."

वरच्या फांदीवर एक भुकेला अजगर हे ऐकत होता. धडधाकट अस्वल गिळणं काही सोपं नसतं. पण पडून पडून मऊ झालेलं अस्वल?

"अरेरे!" खाली उतरत तो म्हणाला. "इतकं भारी दुखणं मी सात जंगलांत पाहिलं नाही."

दादबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ," तो बायकोला म्हणाला, "याला म्हणतात जाणकार!"

"मी स्वतः तुमचा कंबरपट्टा होतो," अजगर म्हणाला. "फक्त हलायचं नाही. हललात की कंबर गेली."

त्याने दोन वेढे घातले. दादबाला काय बरं वाटलं! तो पडून राहिला. पडून कंबर आणखी दुखली. अजगराने आणखी एक वेढा वाढवला. दादबाच्या मांड्या काटक्या झाल्या. जंगल समाचाराला येई आणि पट्ट्याचं कौतुक करून जाई.

"अहो, तुमचा पट्टा तुमच्याकडे बघून जीभ काढतो," अस्वलीणबाई म्हणाली.

"तुला प्रत्येकात खोट दिसते," दादबा म्हणाला.

एका सकाळी अजगराने ठरवलं, अस्वल तयार झालं. त्याने दादबाच्या डोक्याशी आ वासला.

"झोप झाली नाही का नीट?" दादबाने मायेने विचारलं.

अजगर पुढे सरकला आणि ओरडला, "आई गं!"

उसण! मुलांनो, आपली कंबर वीतभर. अजगर म्हणजे नुसती कंबरच. इतके दिवस एकाच जागी आवळून बसल्यावर दुसरं काय होणार? त्याला सुटता येईना, आवळता येईना, जबडाही मिटेना.

"टिटवीबाईंकडे न्या हो मला!" तो रडू लागला.

स्वतःसाठी न उठलेला दादबा पट्ट्यासाठी उठला. कण्हत, थांबत, झाडाला टेकत नदीवर पोचला. टिटवीबाईंनी रोज यायला सांगितलं. मग रोज अजगराला अंगावर घेऊन दादबा जाई आणि येई. अजगराला पाय नव्हते, म्हणून पाय वर करायचा व्यायाम दादबाच करून दाखवी. कधी जास्त दुखे. त्या दिवशी तो जास्त कुरकुरे, पण जाई.

उन्हाळा लागेपर्यंत अजगर मोकळा झाला. दादबा झाडावर चढून पोळं काढू लागला. अधूनमधून कंबर बोले. तो खाली उतरून चार पावलं टाकी आणि पुन्हा चढे. असलं अस्वल आता कोण गिळणार?

"आला ना गुण?" टिटवीबाईंनी विचारलं.

"येणारच," दादबा म्हणाला. "पट्टाच तसा होता!"

जंगलभर त्याने हेच सांगितलं. अजगरापुढे रांग लागली. पहिला नंबर सशाचा. पट्टा बांधून घेतल्यापासून ससा कुणाला दिसलेला नाही. पण कंबर दुखते, अशी त्याची तक्रारही नाही.

तात्पर्य: जो आपल्या दुखण्याचं कौतुक करतो, तोच खरा वैद्य. चालायला सांगणाऱ्याचं ऐकायची वेळ आलीच, तर गुपचूप ऐकावं, आणि बरं वाटल्यावर आभार पट्ट्याचे मानावेत.