वानखेडे काकांचा बारावा डबा

वानखेडे काका कुणाच्याही घरी गेले की आधी चपलांच्या कपाटात डोकावतात. नवे बूट दिसले की पहिला प्रश्न, "पुडी कुठाय?" बुटांच्या खोक्यात ओल शोषायला ठेवलेली जी पांढरी पुडी तुम्हीआम्ही कचऱ्यात टाकतो, ती काकांना हवी असते. इथे अमेरिकेत, रेडमंडमधली झाडून सगळी मराठी घरं ती त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. माझ्या बायकोने एकदा चुकून फेकली, तर काका आठवडाभर तिच्याशी तुटक बोलत होते.

काकांना बंदुकीची काडतुसं घरी भरायचा नाद आहे. रिटायर झाल्यावर लोक टोमॅटो लावतात. हे गराजमध्ये बसून पितळी नळीत मापाने पावडर भरतात, वर गोळी बसवतात आणि शनिवारी रेंजवर जाऊन नेम धरतात. शिकार मात्र नाही. "पंचशील घेतलेला माणूस आहे मी. फक्त कागदाला भोकं पाडतो."

आता काका वाढले नागपूरच्या उन्हात आणि आमच्याकडे निम्मं वर्ष पाऊस. त्यामुळे ओलीशी त्यांचं हाडवैर. "सादळलं की संपलं," हे दिवसातून दहादा. काडतुसाला उघडा हात लावायचा नाही, घाम लागतो. मग रबरी कडेचे लोखंडी डबे, डब्यात पुड्या आणि ओल शिरली की निळ्याचा गुलाबी होणारा एक कागद. वर काडतुसाच्या बुडाला नेलपॉलिश. ते लावून काका तसेच एका साखरपुड्याला आले, तर अंगठा लालभडक. मुलाकडच्या एका मावशींनी गमतीने शेड विचारली. काकांनी ती सांगितलीच, शिवाय "दोन हात द्या, थेंब आत जाणार नाही" असा सल्लाही दिला.

गेल्या नोव्हेंबरात वादळ झालं आणि काकांकडची वीज गेली. गराजमधलं ओल ओढणारं मशीन बंद पडलं. दुपारी मला फोन. "तुझ्याकडे लाइट आहे ना? डबे शिफ्ट करायचेत. लगेच ये."

अकरा डबे मी वाहिले, माझी कंबर अजून त्यांची आठवण काढते. बारावा काकांनी कुणाला उचलू दिला नाही. तो पुढच्या सीटवर बसला, त्याला बेल्ट लागला आणि काका मागे बाकीच्या डब्यांत अंग चोरून बसले.

घरी पोचल्यावर तो मी सहज उचलला, तर फुलासारखा हलका. "काका, हा रिकामाच आणलात की काय?"

"हळू ठेव," काका म्हणाले आणि कागद तपासायला त्यांनी स्वतःच झाकण उघडलं.

आत काडतुसं नव्हती. पेपरात गुंडाळलेल्या सात कुरडया होत्या.

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. दर ऑगस्टमध्ये, इथे कडक ऊन असतं तेव्हा, त्या गव्हाचा चीक शिजवून ड्राइव्हवेवर प्लॅस्टिक अंथरून कुरडया घालायच्या आणि काका छत्री घेऊन आभाळाकडे बघत उभे असायचे. आम्ही सगळे हसायचो, मी जरा जास्तच.

"तिच्या हातच्या शेवटच्या," काका म्हणाले.

"मग तळून खा ना, काका," बायको हळूच म्हणाली.

"तळल्या की संपल्या ना गं."

मला माझ्या सगळ्या विनोदांची लाज वाटली. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, तरी त्यांना नीट दिसेना. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"बघ रे, निळाच आहे ना?"

कडेला किंचित गुलाबी झाक आली होती.

"निळाच आहे, काका," मी म्हणालो.

बायकोने माझ्या खांद्यावरून कागद पाहिला. ती आत गेली आणि घरातले सगळे बुटांचे खोके उपसायला लागली.