पेडलवरचा वरवंटा

दुःखावर उपाय नसतो, यंत्रावर असतो. म्हणून शोकाच्या घरात एखादं नादुरुस्त यंत्र असलं, तर भेटायला येणाऱ्यांची फार सोय होते.

कळसाडीच्या रतिलाल मास्तरांच्या घरी ही सोय मास्तर गेल्यानंतर सहाव्या दिवशी झाली. तोवर दारावर बसायला त्रेचाळीस माणसं येऊन गेली होती. एकतीस जणांनी ‘कसं झालं?’ विचारलं, नऊ जणांनी आपल्याकडे याहून वाईट कसं झालं होतं ते सांगितलं, आणि तिघांनी नुसतं पंख्याकडे पाहिलं. (मास्तरांच्या मुलीच्या, रुपाच्या मते, त्यातल्या त्यात हे तिघे बरे.) सहाव्या दिवशी कुरिअरवाला मास्तरांच्या नावाचं पार्सल देऊन गेला. त्यात की-बोर्डला जोडायचं पेडल होतं.

हे पेडल पायानं दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळतो. लकव्यानंतर मास्तरांची करंगळी पट्टीवर उशिरा पोचायची. तोवर आधीचा सूर विझलेला असायचा. ती पोचेपर्यंत त्याला थांबवून धरावं, एवढाच त्यांचा बेत होता. तसं तुटक तुटकच एक भजन त्यांनी की-बोर्डच्या मेमरीत वाजवून ठेवलं होतं. फोनवर रुपाला सांगितलंही होतं. तेराव्यानंतर घर रिकामं झालं की ऐकू, असं रुपानं ठरवलं होतं.

पार्सल उघडताच उपस्थितांची समिती आपोआप गठित झाली. अध्यक्ष, भजनी मंडळाचे उदेसिंग काका. तांत्रिक सल्लागार, भावकीचे नवापूरचे जावई योगेंद्र (पात्रता: घरचं वायफाय स्वतः बसवलं). रुपानं पेडल जोडून त्यावर पाय ठेवला आणि पहिला ठराव झाला.

“पाय नको लावू माय,” काका म्हणाले. “वाद्य शे ते.”

वाद्याला पाय लावणं पाप, आणि पेडल तर पायासाठीच केलेलं. पण आपल्याकडे अशा पेचाला तोड निघते. शेजारच्या वत्सलाबाईंनी घरून वरवंटा आणून पेडलवर ठेवला. वरवंट्याला पाय नसतात, यावर एकमत झालं, आणि की-बोर्ड चालू करण्यात आला.

की-बोर्ड हे भोळं यंत्र आहे. चालू होताना पेडल ज्या स्थितीत दिसेल, तीच त्याची विश्रांती, असं ते धरून चालतं. परिणामी वरवंटा ठेवला की सूर तुटे आणि उचलला की थांबेचना. समितीनं तो बावीस वेळा उचलला. प्लग काढून फुंकला. घरचा वरवंटा बाहेरच्या पेडलला जड जातो, असाही एक मतप्रवाह होता. चर्चा लांबली तेव्हा वत्सलाबाईंना चटणी वाटायची आठवण झाली आणि त्या वरवंटा घेऊन गेल्या. इकडे योगेंद्रनं निदान केलं: की-बोर्डच बिघडलाय. सगळं पुसून, कंपनीतून आला तसा करावा लागेल.

“काका, तेम्हा बापूनं भजन शे,” रुपा म्हणाली. मास्तरांना ती बापू म्हणे.

“भजन परत वाजाडी लेसूत,” काका म्हणाले.

कोण, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता. योगेंद्रनं की-बोर्ड बंद केला आणि दोन बटणं दाबून पुन्हा चालू केला. रुपानं हात पुढे केला, पण तो उशिरा पोचला. (घराण्याची रीत.)

काकांनी पेडल हातानं दाबून एक पट्टी वाजवली. सूर बराच वेळ घरात राहिला.

“आते बराबर व्हयनं,” काका म्हणाले. सहा दिवसांत पहिल्यांदाच माणसं त्या घरातून समाधानानं उठली. दोघांनी तर जाताना रुपाचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी रुपानं पेडलसोबतचा कागद वाचला. चालू करताना पेडल दाबलेलं नसावं. तसं झाल्यास पेडल मोकळं ठेवून की-बोर्ड बंद करावा, पुन्हा चालू करावा. एवढंच. काहीही पुसायला लागत नाही. म्हणजे दुरुस्ती झाली होती, पण ती वत्सलाबाईंनी केली होती, चटणीपायी.

वाचकहो, ते भजन आधीच मोबाइलवर उतरवून घ्यायला हवं होतं, हे एव्हाना तुमच्या मनात आलंच असेल. बरोबर आहे. या ना, बसा. सतरंजीवर जागा आहे. तिकडच्या कोपऱ्यातून पंखाही नीट दिसतो.