रिठ्याचा कारखाना

१९५६ सालच्या पौष महिन्यात पिंपरीच्या सरकारी थर्मामीटर कारखान्याचे व्यवस्थापक नानासाहेब यांची मान खाजू लागली. सुरुवातीला ही बाब खाजगी समजण्यात आली. परंतु आठवड्याभरात उपव्यवस्थापकांची पाठ, मुख्य रसायनज्ञांच्या काखा आणि पहारेकऱ्याचे पोट खाजू लागल्यावर ती कार्यालयीन झाली आणि तिला स्वतंत्र फाइल मिळाली. फाइलीचे नाव होते, 'कंड : सर्वसाधारण'.

कंडाचे कारण सबंध कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते पिंपळे गुरवच्या सोजराबाई परटिणीला. कारखान्यात लहानथोर सगळ्यांनी पांढरे कोट घालायचा नियम होता. असे एकशे बारा कोट सोजराबाई आठवड्यातून दोनदा गाढवावर लादून पवनेच्या काठी न्यायची आणि धुऊन आणायची. पूर्वी ती ते रिठ्याच्या पाण्यात धूत असे. दिवाळीपासून मात्र कारखान्याने समुद्रापलीकडून आलेली एक पांढरी पूड धुण्यासाठी दिली होती. पुडीच्या पिंपावर हसणाऱ्या मडमेचे चित्र होते. मडमेने हातात मोजे का घातले आहेत, हे सोजराबाईला आठ दिवसांत कळले. तिच्या बोटांची सालपटे निघाली.

एकदा शंभर कोट धुऊन होताच पिंपातली पूड संपली. उरलेले बारा कोट तिने घरचे रिठे फोडून, भिजवून, उकळून त्या फेसात धुतले. ते ज्यांना मिळाले, ते बारा जण तेवढे खाजवेनासे झाले. सोजराबाई सरळ बाई होती. तिने पदर खोचला आणि कारखान्याच्या भांडारातले मोठे कारकून बबनराव यांना जाऊन ही गोष्ट सांगितली.

बबनराव मनाने चांगले होते. त्यांनी आधी दार लोटून घेतले.

"बाई, हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का वो भाऊसाहेब? खरं हाय त्ये."

"खरं आहे म्हणूनच. तुम्ही गुपचूप रिठ्यात धुतले असते, तर कोणी विचारलं नसतं. आता हे मला कळलंय. मला कळलं म्हणजे कार्यालयाला कळलं. आता लिहावं लागणार."

त्यांनी एक छापील अर्ज काढला. त्यात रकाना होता, 'धुलाईद्रव्याचे रासायनिक नाव'.

"रिठा," सोजराबाई म्हणाली.

"हे झालं आपलं नाव. रासायनिक सांगा."

"भाऊसाहेब, माझं सासर हितलं, माहेर चाकणचं. दोन्हीकडं रिठाच म्हन्त्यात."

बबनरावांनी रकाना मोकळा सोडला आणि रिठ्याचा नमुना तपासणीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. दरम्यान, ज्या बारा कोटांवर अमान्य द्रव्याचा प्रयोग झाला होता, ते ताबडतोब जप्त करून मान्य पुडीत पुन्हा धुवावेत, असा हुकूम निघाला. तसे ते धुतले गेले. दोन दिवसांत ते बाराही जण खाजवू लागले. तक्रार आता सर्वत्र एकसारखी झाली, याबद्दल फाइलीत समाधान नोंदवण्यात आले.

दीड महिन्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. सदर पदार्थ पाण्यात फेस करतो, कपड्यातील मळ काढतो व त्वचेस अपाय करत नाही, असे त्यात म्हटले होते. मान्य पुडीत यांपैकी पहिले दोनच गुण असल्याने तिसऱ्या गुणाकडे संशयाने पाहण्यात आले. तरीही निष्कर्ष अटळ होता. जो पदार्थ फेस करतो व मळ काढतो, ते रसायन. रसायन जिथे तयार होते, तो कारखाना. आणि कारखाना म्हटला की त्याची तपासणी आली.

फाल्गुनात कारखाने तपासणीस सोपानराव पुण्याहून पिंपळे गुरवला आले. धुळीने भरलेली सायकल त्यांनी सोजराबाईच्या कुडाला टेकवली आणि वही उघडली.

"कारखाना कुठे आहे?"

"ह्यो काय," सोजराबाईने परसातल्या झाडाकडे बोट केले.

सोपानरावांनी रिठ्याचे झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहिले आणि लिहिले, 'इमारत एक. मजले मोजता आले नाहीत.'

"कामगार किती?"

"मी येकटीच. खाली पडल्यालं येचते."

"आणि वरचं काम?"

"वरचं झाडच बघतंय."

"किती शिफ्टमध्ये?"

"त्ये मला ठावं न्हाई साहेब. पर झाड झोपल्यालं म्या कदी बघितलं न्हाई."

'तिन्ही शिफ्ट चालू,' सोपानरावांनी लिहिले. "रविवारी बंद असतं ना?"

"वारा सुटला की फळं पडत्यात. वाऱ्याला कुठं वार कळतोय?"

सोपानरावांचा चेहरा गंभीर झाला. रविवारी उत्पादन म्हणजे कायद्याचा उघड भंग. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि एक वाळका रिठा त्यांच्या टोपीवर टप्पकन पडला. त्यांनी टोपी काढून पाहिली, पुन्हा घातली आणि 'अपघात' या सदराखाली नोंद केली.

माणूस मात्र कठोर नव्हता. सोजराबाईने दिलेला चहा पिऊन त्याने झाडाला तात्पुरता परवाना दिला. अटी सहाच होत्या. झाडावर पाटी हवी, भोवती कुंपण हवे, वाळूच्या दोन बादल्या, पाळी बदलताना वाजवायची घंटा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वही हवी. सहावी अट अशी की, रविवारी एकही फळ जमिनीवर पडता कामा नये.

सोजराबाईचा नवरा आबाजी हा वर्षाकाठी चारदोन वाक्ये बोलणारा गडी. त्याने अटी ऐकल्या, डोके खाजवले, आणि दर शनिवारी सांजच्याला झाडाखाली जुनी धोतरे चारी बाजूंनी ताणून बांधू लागला. रविवारी फळे धोतरात पडत. सोमवारी घंटा झाली की तो गाठी सोडी, मग फळे जमिनीवर येत.

"कायदा जिमिनीचा हाय," तो म्हणाला. "धोतराचा न्हाई."

चैत्रात झाडाची फळे संपली. त्याच आठवड्यात कामगार कचेरीचे पत्र आले. ते बबनरावांनी भीतभीत वाचून दाखवले. आपण पूर्वसूचना न देता कारखान्यातील उत्पादन बंद केले असून ही बेकायदा टाळेबंदी आहे. वाद मिटेपर्यंत शिल्लक मालास हात लावू नये.

"म्हंजी?"

"म्हणजे झाडानं पुढच्या हंगामापर्यंत का थांबायचं ठरवलं, याचा खुलासा हवाय. तोपर्यंत घरातले रिठे उकळायचे नाहीत."

सोजराबाईने झाडाकडे पाहिले. त्याला नुकती कोवळी पालवी फुटली होती. खुलासा करण्याच्या मनःस्थितीत ते दिसत नव्हते.

इकडे कारखान्यात वेगळाच हाहाकार उडाला होता. आठ दिवसांनी मंत्रिमहोदय भेटीला येणार होते. रंगीत तालीम घेतली, तेव्हा स्वागताला उभे राहिलेले सर्व अधिकारी एका सुरात खाजवत होते. नानासाहेबांना स्वागतपर भाषणात सात वेळा थांबावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनेच्या काठी टांगा थांबला. त्यातून नानासाहेबांच्या पत्नी यशोदाबाई उतरल्या आणि शालीखालून एक कोट काढून हळूच म्हणाल्या, "सोजराबाई, ह्यांचा एवढा एक कोट तुमच्या पद्धतीनं धुवा. मात्र हे कागदावर यायला नको."

"कागुद नसला तर लई बेस, बाईसाहेब."

तिसऱ्या प्रहरी उपव्यवस्थापकांच्या पत्नी आल्या. मग मुख्य रसायनज्ञांच्या वृद्ध मातोश्री आल्या. त्यांनी मुलाच्या शास्त्राबद्दल दोन शब्द सुनावून कोट पुढे केला. गुरुवारपर्यंत एकशे बाराही कोट आले, आणि प्रत्येक जण आपण एकटेच आलो अशा समजुतीने परत गेला. सोजराबाईने हौदात रिठ्याचा फेस काढला आणि बऱ्याच दिवसांनी गाणे म्हणत कोट धुतले. बोटे पुन्हा माणसासारखी झाली.

आता प्रश्न उरला पुडीचा. कोट मान्य पुडीत धुतले गेले, असे दिसायचे तर पूड संपायला हवी. बबनरावांनी यावरही तोड काढली. त्यांनी सगळी पूड कारखान्याचे लोखंडी फाटक घासायला लावली. फाटकावरचा हिरवा रंग दोन धुण्यांत सोलून निघाला आणि खालचे लोखंड लखलखू लागले.

मंत्रिमहोदय आले. त्यांनी फाटकाची तारीफ केली. मग ओळीने उभ्या असलेल्या शुभ्र, शांत, निश्चल अधिकाऱ्यांकडे पाहून विचारले, "एवढी स्वच्छता आपण कशी राखता?"

नानासाहेब छाती काढून म्हणाले, "आधुनिक विज्ञान, साहेब. आम्ही खास आयात केलेली पूड वापरतो."

मागच्या एकशे अकरा जणांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या मनात आपला एकट्याचा कोट होता. मंत्रिमहोदयांनी जागच्या जागी आदेश दिला, की ही पूड राज्यातल्या सर्व सरकारी कारखान्यांना पुरवावी.

बबनरावांना मात्र ते सहन झाले नाही. कार्यक्रम आटोपताच ते तडक पिंपळे गुरवला आले.

"सोजराबाई, हे फार झालं. मी खरं काय ते वर लिहून कळवतो."

"नगा, भाऊसाहेब. येकदा खरं बोलले तर झाडाचा कारखाना झाला. पुन्यांदा बोलले तर नदीचा व्हईल."

तरीही बबनरावांनी लिहिले. पत्र अतिशय आदरपूर्वक होते. वरच्या कचेरीने तितक्याच आदराने ते अभिप्रायासाठी पूड बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवले. कंपनीने अभिप्राय दिला नाही. तिने सोजराबाईच्या झाडाकडे एक चित्रकार पाठवला. तो रीतसर वहीत सही करून आत आला, कुंपणापाशी बसून त्याने झाडाचे चित्र काढले आणि चहा घेऊन निघून गेला.

दिवाळीला बाजारात नवा डबा आला. त्यावर मडम नव्हती. पानाफळांनी लगडलेली रिठ्याची फांदी होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, 'निसर्गाची देणगी'. आतली पूड तीच होती. फक्त तिला तपकिरी रंग दिला होता.

घाटावर टांगे येणे बंद झाले. कोटांचे कामही नव्या निविदेत दुसऱ्याकडे गेले, कारण निविदेत डबा सक्तीचा होता आणि सोजराबाईने तो घ्यायला नकार दिला. तिला त्याचे फारसे दुःख नव्हते. गावातल्या लुगड्यांना आणि घोंगड्यांना निविदा लागत नव्हती. तपासणीसही पुन्हा फिरकला नाही. त्याची बदली झाली होती.

एकदा यशोदाबाई मुद्दाम तिला डबा दाखवायला आल्या. त्या मनाने मोठ्या होत्या. जुनी ओळख विसरल्या नव्हत्या.

"बघा सोजराबाई, आता रिठा किती सोपा झाला. फोडायला नको, उकळायला नको."

सोजराबाईने डबा उलटापालटा केला, झाकण उघडून वास घेतला. "बाईसाहेब, ह्यात रिठा कुठं हाय?"

"म्हणजे काय? हा काय वर," यशोदाबाईंनी चित्रावर बोट ठेवले.

सोजराबाईला असे हसू फुटले की तिला घाटाच्या दगडावर टेकावे लागले. यशोदाबाईही भोळेपणाने हसल्या आणि जाताना तिला डबा भेट देऊन गेल्या.

ही हकीकत आम्ही आजवर बऱ्याच सुशिक्षित मंडळींना सांगितली. सर्वांनी सरकारला नावे ठेवली, कंपनीला नावे ठेवली, यशोदाबाईंना तर सगळे पोटभर हसले. सोजराबाईचे घर पिंपळे गुरवला नेमके कुठे, हे मात्र एकानेही विचारले नाही. निघताना चपला पायांत सरकवत प्रत्येकाने विचारले ते एवढेच, की तो रिठ्याचा डबा मिळतो कुठे. आपल्याही ओठांवर हाच प्रश्न आला असेल, तर ताटकळत ठेवत नाही. दापोडीला, स्टेशनासमोरच्या दुकानात. सकाळी लवकर जावे, रांग मोठी असते.