मिसळून गेलेली मुलगी

मुलीने शिकायचं काय, हा प्रश्न देवस्थळींच्या घरात एका रविवारी चहा निवायच्या आत निकालात निघाला. शिकताना तिने राहायचं कुठे, या प्रश्नाला मात्र अख्खा हिवाळा पुरला नाही.

चारुदत्त देवस्थळी ऑकलंडमध्ये सँडरिंगहॅमला राहत आणि एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या नम्र भाषेत कळवायच्या, असं ते काम होतं. पुण्याच्या माणसाला त्यातला पहिला भाग उपजतच येतो; दुसरा ते न्यूझीलंडला आल्यावर शिकले. मुलगी वल्लरी पहिलीत असताना हे कुटुंब इकडे आलं. आता, दोन हजार पाच साली, ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दक्षिण बेटावरच्या एका जुन्या विद्यापीठात फार्मसीसाठी जाणार होती.

ते विद्यापीठ कॉलेजांचं होतं. ही भानगड समजायला चारुदत्तांना वेळ लागला, कारण तिथल्या कॉलेजात कोणी शिकत नसे. शिकवायचं काम विद्यापीठ करी. कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं राहत, जेवत आणि माहितीपत्रकाच्या भाषेत सांगायचं तर ‘घडत’. म्हणजे वसतिगृह, असं चारुदत्तांची बायको मृदुला म्हणाली. मंडळाच्या गणपतीच्या जेवणात हा शब्द तिने गुरुनाथ पटवर्धनांसमोर उच्चारला, एवढी चूक झाली.

गुरुनाथ पटवर्धन हे तिथल्या मराठी लोकांतले जुने. त्यांचा मुलगा त्याच विद्यापीठातून दंतवैद्य होऊन बाहेर पडला होता, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी मसालेभाताची प्लेट बाजूला ठेवली.

“चारुदत्त, या देशाचं एक फार चांगलं आहे,” ते म्हणाले. “इथे कोणी कोणाची जात विचारत नाही. म्हणून तर कॉलेज विचारतात.”

मग त्यांनी उतरंड समजावून सांगितली. सगळ्यांत वर सेंट ओसवल्ड. दगडी इमारत, मनोरा, काळे झगे घालून जेवण. तिथे राहिलेली मुलं पन्नाशीतही एकमेकांना नोकऱ्या देतात. त्याखाली होड्या वल्हवणाऱ्यांचं कॉलेज, त्याखाली नव्या विटांची दोन-तीन. सगळ्यांत शेवटी टेकडीवरचं. तिथे कोण जातं, असं मृदुलाने विचारलं तेव्हा गुरुनाथरावांनी नुसता हात हलवला आणि पुन्हा मसालेभात घेतला.

वल्लरीने आपल्या मनाने टेकडीवरचंच कॉलेज पहिल्या पसंतीला लिहिलं होतं. तिथून समुद्र दिसतो आणि कोणी फारसं मागे लागत नाही, असं तिने ऐकलं होतं. चारुदत्तांनी तिला शांतपणे समजावलं की समुद्र आपल्याला ऑकलंडमध्येही आहे, त्यासाठी विमानाने जायची गरज नाही. पसंतीक्रम उलटा झाला.

अर्जात एक निबंध होता: आपण कॉलेजच्या सामूहिक जीवनात काय भर घालाल? वल्लरीने लिहिलं होतं की तिला पोहायला आवडतं आणि ती लोकांचं ऐकून घेते. चारुदत्तांनी हा मसुदा कामाच्या पद्धतीने तपासला. त्यात नेतृत्व नव्हतं, संघभावना नव्हती, भारतीय वारसा तर औषधालाही नव्हता. वल्लरी लहानपणी काही दिवस न्यू लिनच्या एका हॉलमध्ये भरतनाट्यम शिकली होती आणि पाय दुखतात म्हणून तिने ते सोडलं होतं. सुधारित निबंधात ती शास्त्रीय नर्तिका झाली. पाय दुखण्याचा उल्लेख ‘चिकाटी’ या सदरात गेला.

पुढे सेंट ओसवल्डचे वॉर्डन मिस्टर ड्रमंड यांनी फोनवरून मुलाखत घेतली. चारुदत्त आतल्या खोलीतल्या दुसऱ्या फोनवर तोंडावर हात धरून ऐकत होते. तू आमच्यासाठी काय आणशील, असं वॉर्डनसाहेबांनी विचारलं. वल्लरी म्हणाली की ती फार बोलत नाही, पण तिचा कोणाला त्रासही होत नाही. चारुदत्तांनी डोळे मिटून घेतले. मग वॉर्डनसाहेबांनी विचारलं की नाचाचा पोशाख तिच्याकडे स्वतःचा आहे का. आहे, असं ती म्हणाली. प्रवेश मिळाला.

फेब्रुवारीत विमानतळावर चारुदत्तांनी मुलीला बाजूला घेतलं.

“सगळ्यांत मिसळ,” ते म्हणाले. “पण विरघळू नकोस.”

म्हणजे नक्की काय करायचं, असं वल्लरीने विचारलं. ते अनुभवाने जमतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा स्वतःचा अनुभव असा होता की शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीत संत्र्याचा रस हातात धरून दाराजवळ उभं राहायचं आणि ट्रॅफिकचं नाव सांगून निघायचं. या पद्धतीने ते इतकी वर्षं मिसळत आले होते.

सेंट ओसवल्डमध्ये दाराजवळ उभं राहायची सोय नव्हती. तिथे मिसळणं हा ऐच्छिक विषय नव्हता. पहिल्या आठवड्यात चादरी गुंडाळून गावभर धावायची परंपरा होती, जेवणाआधी कोणालाच न समजणारी लॅटिन प्रार्थना म्हणायची परंपरा होती. फोनवर हे ऐकून मृदुलाला उलट बरं वाटलं. न समजणारे श्लोक म्हणून जेवायला बसतात म्हणजे लोक आपल्यासारखेच आहेत, असं ती म्हणाली. शाकाहारी म्हणून वल्लरीला रोज भाजलेला कुमरा, म्हणजे रताळं, मिळत होतं. उपासाचं आहे, चांगलं आहे, असंही मृदुला म्हणाली.

प्रत्येक मजल्यावर एक वरच्या वर्गातला विद्यार्थी नेमलेला असे. कोण किती आनंदाने सामील होतं, यावर त्याने लक्ष ठेवायचं. वल्लरी पहाटे पोहायला जाई आणि संध्याकाळी खोलीत वाची. तिच्याबद्दल ‘काळजी’ नोंदवली गेली. तिला बोलावून अत्यंत प्रेमाने सांगण्यात आलं की इथे कोणावरही कसलीही सक्ती नाही आणि सक्ती नसताना ती येत नाही ही बाब गंभीर आहे. तिच्यासाठी एक योजना आखण्यात आली. तिने पबमध्ये जावं. दारू न पिणाऱ्यांचं तिथे स्वागतच होतं. फक्त हातात ग्लास असावा, म्हणजे इतरांना अवघडल्यासारखं होत नाही.

“बाबा, दे से आय’म नॉट फिटिंग इन,” वल्लरी फोनवर म्हणाली.

चारुदत्तांनी तिला सांगितलं की नवीन प्रोग्रॅम जुन्या यंत्रात बसवताना सुरुवातीला असं होतंच. यंत्र बदलता येत नाही. तेव्हा प्रोग्रॅमने समजून घ्यावं. वल्लरी ‘ओके’ म्हणाली. हल्ली ती बऱ्याच वेळा ओके म्हणत असे.

एप्रिलमध्ये एक छायाचित्रकार आला. कॉलेजच्या नव्या माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते. वल्लरीला निरोप आला आणि सीनालाही. सीना ही उत्तर बेटावरच्या पोरिरुआ गावची मुलगी, आईबाप सामोआ बेटांवरचे. तोवर दोघींची ओळख नव्हती. वॉर्डनसाहेबांच्या नजरेला दोघींमध्ये काय साम्य दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. दोघींना हिरवळीवर बसवलं, वाचनालयात उभं केलं, नदीवर नेऊन हातात वल्ही दिली. दोघींपैकी कोणीच कधी होडीत बसलेलं नव्हतं. जेवणघरात त्यांच्याभोवती तीन सोनेरी केसांची मुलं बसवली. फोटो झाल्यावर ती मुलं आपापली ताटं उचलून आपल्या टेबलावर परत गेली. वल्लरी आणि सीना तिथेच राहिल्या आणि मग त्यांनी एकमेकींना नावं विचारली.

या फोटोंचा एक परिणाम झाला. ते कॉलेजभर लावले गेले, आणि मजल्यावरच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वल्लरी तर सगळीकडे असते. तिच्याबद्दलची काळजी मागे घेण्यात आली. मिसळण्याचा तिचा प्रश्न वर्षातला सर्वांत लवकर सुटलेला प्रश्न म्हणून वॉर्डनसाहेबांच्या भाषणातही आला. सांस्कृतिक संध्येत ती आठवेल तेवढं भरतनाट्यम नाचली. सीनाला क्लॅरिनेट वाजवायचं होतं. तुमचं काहीतरी वाजव ना, असं तिला सांगण्यात आलं. क्लॅरिनेट माझंच आहे, असं ती म्हणाली. पण तो मुद्दा कोणाला समजला नाही.

मे महिन्यात टेकडीवरच्या कॉलेजात दोन जागा रिकाम्या झाल्या. दोघींनी तिकडे जाण्यासाठी परवानगी मागितली. नियमाप्रमाणे ज्याला इथे आनंद मिळत नाही त्यालाच बदली मिळत असे. वॉर्डनसाहेबांनी फोटोंकडे बोट दाखवलं आणि दुःखाचा पुरावा मागितला. पुरावा नव्हता. तेव्हा मुलीच्या मनाची समजूत घालण्यासाठी त्यांनी चारुदत्तांना पालकांसाठी ठेवलेल्या शनिवार-रविवारच्या भेटीचं निमंत्रण दिलं.

चारुदत्त गेले. गावात बोचरी थंडी होती. कॉलेजचा मनोरा पाहून मात्र त्यांना आतून ऊब आली. वॉर्डनसाहेबांनी ‘किआ ओरा’ असा माओरी भाषेत नमस्कार करून हात मिळवला, त्यांना आपल्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि छापून नुकतंच आलेलं माहितीपत्रक पुढे ठेवलं. मुखपृष्ठावर वल्लरी होती. शेजारी सीना, भोवती तीन सोनेरी मुलं, सगळे खळखळून हसत होते.

“मिस्टर देवस्थळी, ही मुलगी तुम्हाला दुःखी दिसते का?” वॉर्डनसाहेबांनी विचारलं.

चारुदत्तांनी फोटो सवयीने तपासला. त्या मुलांची ताटं भरलेली होती, वल्लरीपुढचं ताट रिकामं होतं. दातांना तारा लावल्यापासून ती तोंड उघडून हसत नसे. तारा निघून तीन वर्षं झाली तरी नाही. इथे ती बत्तिशी दाखवत होती. आणि तिचे खांदे वर ओढलेले होते. दंतवैद्याच्या खुर्चीत ती असेच खांदे धरायची, आणि तेव्हा तिचा हात चारुदत्तांच्या हातात असायचा. चूक सापडली होती. ती नम्र भाषेत कळवणं एवढंच बाकी होतं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“याच्या काही जास्तीच्या प्रती मिळतील का?” त्यांनी विचारलं.

बाहेर हिरवळीच्या कडेला वल्लरी वाट पाहत होती. त्यांच्या हातातला गठ्ठा पाहून तिला काय ते समजलं. ती चिडली नाही. दोघं नदीच्या बाजूने चालत गेले. फोटो छान आलाय, एवढं चारुदत्त म्हणाले.

“मला हसताच येत नव्हतं,” वल्लरी म्हणाली. “फोटोग्राफर म्हणाला, जो माणूस तुला समजून घेतो त्याचा विचार कर. मी तुझा विचार केला, बाबा.”

चारुदत्तांना काही बोलायचं होतं. पण मराठीत ते फार मोठं झालं असतं आणि इंग्रजीत फार छोटं. त्यांनी समोरच्या डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, तिला भाजीचा गरम ‘पाय’, म्हणजे इकडचा पॅटिस, घेऊन दिला. ती चालता चालता तो खात राहिली.

जूनमध्ये वल्लरी आणि सीना परवानगीची वाट न पाहता सामान उचलून टेकडीवर गेल्या. सेंट ओसवल्डने हे प्रकरण समंजसपणे हाताळलं. वल्लरी कॉलेजात राहत नसली तरी ती कॉलेजच्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे, असं त्यांनी घरी कळवलं आणि पुढच्या छायाचित्रणासाठी दोघींना आग्रहाने बोलावलं. टेकडीवर जेवण यथातथाच होतं, खोलीत थंडी वाजत होती, आणि वल्लरी पुन्हा फोनवर लांब लांब बोलायला लागली. कसं चाललंय असं विचारलं की तिथल्या मुलांसारखं ‘स्वीट ॲज’, म्हणजे एकदम मस्त, म्हणे. मृदुलाला तिच्या आवाजातला फरक लगेच समजला. चारुदत्तांनाही समजला होता. मात्र ऑकलंडमध्ये तिच्या नव्या पत्त्याची वाच्यता कुठे करू नये, असं त्यांनी मृदुलाला सांगून ठेवलं.

त्या वर्षीच्या गणपतीत गुरुनाथरावांनी सगळ्यांसमोर चारुदत्तांची पाठ थोपटली. माहितीपत्रकं हातोहात गेली. बंगलोरच्या नोकरीतून नुकतेच आलेले मोरेश्वर आणि संपदा दातार आपल्या मुलाला, गंधारला, घेऊन आले होते. गंधार कोपऱ्यात उभा राहून जेवत होता आणि कोणाशी बोलत नव्हता. संपदाने चारुदत्तांना जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की मुलगी तिथे रमली आहे ना.

“कव्हरवरच आहे,” चारुदत्त म्हणाले.

संपदाने मुखपृष्ठ हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. ती आई होती. तिची नजर आधी रिकाम्या ताटावर गेली, मग वर ओढलेल्या खांद्यांवर आली आणि तिथेच थांबली. तिने एकदा कोपऱ्यातल्या गंधारकडे पाहिलं. मग तिच्या जागी तुम्ही किंवा मी असतो तर जे विचारलं असतं, तेच तिने विचारलं.

“अर्जाची शेवटची तारीख काय म्हणालात?”