करकच्या मागणीत पेला वेळेआधी रिकामा जाहला त्याची हकीकत

साहेबी आज्ञा केली की अरबी मुलखी करक शहरी लग्नाच्या मागणीची मोहीम कैशी जाहली ते लिहिणे. सेवक त्या फौजेत हजर होता. डोळा देखिले तेच लिहितो, पदरचे घालीत नाही.

हाजी मुतलक, निवृत्त मुख्याध्यापक, कुळातील वडील, जबानीचे बहाद्दर. मात्र खाशांची अक्कल कॉफीवर चाले. सात पेले पोटी गेलियावर स्वारी हजरजबाब. त्याविना घरच्यांची नावेही आठवू नयेत. मोहिमेचे दिवशी त्यांचे कबिले, म्हणजे पत्नी, उम्म फवाझ यांनी हुकूम फर्माविला की कॉफीने हात कापतात, पेला सांडून चारचौघांत शोभा होईल, सबब आज कॉफी बंद.

मग चौदा मोटारी आणि चाळीस असामी घेऊन, पुतण्या राकान याजकरिता शुरूक नामे कन्या मागावयास, तिचे वडील अबू हायेल यांचे दिवाणखान्यात दाखल जाहले. यजमानांनी पेला पुढे केला आणि हाजींनी रिवाजाप्रमाणे तो तसाच खाली ठेविला. का की कन्या दिली हा शब्द येईतो पिऊ नये, आधी प्याल्यास मागणे सोडिले ऐसे समजावे. मग हाजी उठले आणि ईश्वराची स्तुती केली, आणि यजमानांच्या आजोबांची केली, आणि मग मेंदूने दगा दिला. नवऱ्याचे नाव सुचेना. खाली ठेविलेल्या पेल्यातील वेलचीचा वास नाकी शिरला. अखेर कन्या अबू हायेल यांच्याच थोरल्या पुत्राकरिता मागितली.

अबू हायेल म्हणाले, "हाजी, तो तिचा सख्खा भाऊ आहे."

राकान पांढराफटक पडला. तीन वर्षे या एका होकारासाठी बिचारा थांबला होता. हाजींस घाम सुटला, आणि हात आपसूक खाली गेला, आणि पेला एका घोटात रिकामा जाहला. मागणे बुडाले. चाळीस असामी माना घालून बसल्या.

परंतु घोट उतरताच हाजींचे होश ठिकाणी आले. म्हणाले, "राकानसाठी आलोय, अबू हायेल. आणि कॉफी मुद्दाम प्यालो. तुमच्या घरी नकार मिळेल असा संशय मी कशाला धरू?"

इतक्यांदेखत आता नाही म्हणणे अवघड. अबू हायेल यांनी दाढी कुरवाळिली आणि कन्या दिली. "प्या बाबांनो. हाजींनी तर आधीच उरकलंय."

लग्नानंतर शुरूक राकानास म्हणाली, ते त्याने सेवकास सांगितले: "बाबांना रक्तदाबामुळे कॉफी बंद आहे. वर्षभर मी त्यांना नकळत खजुराच्या बिया भाजून, दळून कॉफी म्हणून पाजत होते. तुझ्या काकांच्या पेल्यातही तेच होतं रे. कॉफीचा दाणा नव्हता त्यात."

तथापि फत्ते कॉफीची जाहली ऐसेच दफ्तरी दाखल केले आहे. हाजींस खरे वर्तमान कळविले नाही, का की कॉफीविनाही त्यांची अक्कल चालते हे उम्म फवाझ यांचे कानी गेल्यास सातही पेले जप्त होतील. साहेबी हा कागद वाचून कुलुपात ठेवावा.