हिरव्या गुंडीचा नवरदेव

"नामदेवा, गुन्हा घडण्याआधीच मला त्याचा वास येतो." भगवंतरावांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. "आत्ताही येतोय. कुठेतरी काहीतरी जळतं आहे. कुणाचा संसार असेल, कुणाची अब्रू असेल. कदाचित एखादं साम्राज्यसुद्धा असेल."

दूध होतं. चुलीवर त्यांनीच ठेवलं होतं.

खामगावातल्या त्यांच्या खोलीवर पाटी होती: 'वऱ्हाड प्रांतातील पहिले, एकमेव व अद्याप अपराजित गुप्तहेर.' त्यातला 'अपराजित' हा शब्द तरी खरा होता. हरायला आधी हातात काहीतरी काम यावं लागतं. पूर्वी ते जकातनाक्यावर कारकून होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीत काहीतरी लपवलेलं आहे, हा संशय त्यांना पगाराबरोबर मिळत असे. पुढे पगार बंद झाला, संशय चालू राहिला.

मी त्यांचा सहाय्यक. सायकल माझी, पायडल माझं, दिशा त्यांची.

साल एकोणीसशे एकोणचाळीस, महिना चैत्र. हिटलरने कुठला तरी देश घेतल्याची बातमी वर्तमानपत्रात सरकीच्या भावाखाली येई आणि लोक सरकीचा भाव वाचून पत्र खाली ठेवत. भगवंतराव मात्र दोन्ही वाचत. पुढे जे झालं त्याचं मूळ यात आहे.

त्या दिवशी करपलेल्या दुधाचा चहा पिताना दारात मोतीराम उभे राहिले. पिंपळगाव राजाला त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा. बाजाराला आले होते, पाटी पाहून आत आले.

"साहेब, माह्या पोरीचं लगन मोडाची पाळी आली."

"मोडलं कुणी?"

"अजून मोडलं नाई. तेच तं सांगून राह्यलो."

मोतीरामांची मुलगी रुख्मिणी. तिला पाहायला फाल्गुनात देऊळघाटचा पुंडलिक आला होता. अंगात काळा कोट, कोटाच्या साऱ्या गुंड्या काळ्या, एकटी खालची हिरवी. मुलगा पसंत पडला, मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली, त्यांच्याकडून नारळ आला, वैशाखातली तीथ धरली.

"अन् परवा माहा साळा आला जानेफळहून," मोतीराम म्हणाले. "म्हणे, तिथं एक पोट्टा पोरगी पाहाले आल्ता. काळा कोट, खालची गुंडी हिरवी! मोताळ्यालेई तसाच एक येऊन गेला. हे सारं आमची सुपारी फुटल्यावर, साहेब! म्हणजे आमची पोरगी पसंत करून हा गडी गावोगाव पोहे खात फिरून राह्यला!"

"मुलगी काय म्हणते?" मी विचारलं.

"तिचं एकच. करीन तं त्याच्याशीच, नाई तं तशीच राहीन. तिची माय समजावून थकली. आमी घाटाखालचे, ते घाटावरचे. आमाले का ठाव त्यायचं? आखाजीच्या सणालोग तुमी खरंखोटं पाहून सांगा. खोटा निघाला तं मी त्यायचा नारळ वापस धाडतो."

ते गेल्यावर भगवंतराव बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर काही नव्हतं. त्यामुळेच त्यांचा संशय वाढला असावा.

आम्ही मोताळा केलं, जानेफळ केलं. माझ्या मांड्यांना दोन्ही गावं अजून आठवतात.

मोताळ्याचा मुलीचा बाप म्हणाला, "पोट्टा दरवाज्याएवढा उंच हो. वाकून आत आला. मिशी ही अशी."

जानेफळचा म्हणाला, "बुटका होता. मिशी ना दाढी. कोट गुडघ्यालोग आल्ता. दुरून वाटे कोटच चालून राह्यला."

"साहेब," मी भीत भीत म्हणालो, "ही वेगवेगळी माणसं असतील."

भगवंतरावांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "सामान्य मनुष्य वेगवेगळी माणसं पाहतो, नामदेवा. गुप्तहेर एक कोट पाहतो."

त्यांचं पहिलं अनुमान असं, की हा वेषांतराचा बादशहा आहे. मिशी चिकटवतो, काढतो, आणि गुडघे धोतरात दुमडून उंची कमी करतो. मी विचारलं, दुमडलेल्या गुडघ्यांनी तो जानेफळपर्यंत चालला कसा? तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर बादशहा."

दुसरं अनुमान दरोडेखोरांचं. मुलगी पाहण्याच्या निमित्ताने घरं हेरायची आणि मग हात मारायचा. ते तपासायला आम्ही मोताळ्याला पुन्हा गेलो. भगवंतरावांनी खालच्या आवाजात विचारलं, "तो गेल्यावर घरातून काय काय नाहीसं झालं?"

"पोहे," घरची बाई म्हणाली. "दोन खेपा मागतले."

दरोड्याचं अनुमान पोह्यांवर उभं राहीना.

तिसरं देऊळघाटला जाताना राजूर घाटात सुचलं. चढ अंगावर आला होता. मी सायकल ढकलत होतो आणि भगवंतराव चिंतनात खंड पडू नये म्हणून कॅरियरवरच बसून होते. एकाएकी ते ओरडले, "थांब!"

थांबायला मी चाललोच कुठे होतो! तरी थांबलो.

"पाहायला आलेल्यांनी मुलींना काय विचारलं होतं, आठव."

"सयपाक येते काय. पाणी किती दुरून आणा लागते. घरी बैल किती."

"अन्न. पाणी. वाहतूक." भगवंतरावांचा आवाज घाटात घुमला. "नामदेवा, ही सोयरीक नाही. ही चढाई आहे!"

"कोणाची?"

त्यांनी आधी पुढे पाहिलं, मग मागे पाहिलं. मागे एक म्हैस होती. तिच्यापासूनही ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "जर्मनीची."

"जर्मनी पिंपळगावले काऊन येईन, साहेब?"

"कापूस!" ते म्हणाले आणि पुढे घाट संपेपर्यंत गप्प बसले. तेवढीच काय ती जर्मनीची मला मदत.

देऊळघाटला आम्ही मुलीकडची मंडळी बनून गेलो. भगवंतराव मुलीचे वडील, मी मामा. भगवंतराव स्वतः अविवाहित असल्यामुळे मुलीचं वर्णन करताना त्यांच्यावर कसलंच बंधन नव्हतं. वेशीवर त्यांनी तिला गोरी केली, चावडीपर्यंत तिला सातवी पास केलं, आणि मारुतीच्या पाराजवळ पोचेपर्यंत तिच्या नावावर संत्र्याचा बगीचा लावला. गाव आमच्या मागे लागलं.

पहिल्या घरात मुलगा आला तो उंच, मिशाळ. अंगात काळा कोट. खालची गुंडी हिरवी. भगवंतरावांनी मला एवढ्या जोरात ढोसलं, की माझ्या हातातला चहा मुलाच्या काकांवर सांडला. चार प्रश्न विचारून आम्ही उठलो आणि लागूनच असलेल्या दुसऱ्या घरात शिरलो.

"पोरगा तयार होऊन राह्यला, बसा," तिथली आई म्हणाली आणि सारखी परसाकडे बघू लागली.

मी बसलो होतो तिथून परसातली भिंत दिसत होती. भिंतीच्या पलीकडून दोन हात वर आले. हातांत काळा कोट होता. अलीकडच्या दोन हातांनी तो झेलला. कुणीतरी म्हणालं, "हळू बे, बाही उसवन!" लगेच एक बुटका मुलगा धापा टाकत बैठकीत आला. कोट त्याच्या गुडघ्यापर्यंत होता आणि बाह्यांतून हात कुठेच बाहेर आलेले नव्हते.

भगवंतराव माझ्या कानाला लागले. "पाहिलंस? क्षणात हातभर बुटका झाला. मिशीसुद्धा गेली. जर्मन शास्त्र!"

मी भिंतीचं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी त्यात बशीतला लाडू घातला. सोयरिकीच्या घरी मामाने फार बोलू नये म्हणे. पुढे वाटेतही मी भिंतीचं काढलं, की ते म्हणत, सहाय्यकाने अनुमान करू नये.

बाहेर आलो तर ओट्यापाशी गळ्यात फीत अडकवलेला एक माणूस उभा होता. नजर बुटक्याच्या बाहीवर. भगवंतरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"आपण?"

"हबीब, साहेब. शिंपी हाय इथला."

"काळ्या कोटातल्या माणसाला ओळखता?"

"हाव ना. काऊन नाई ओळखणार?"

"कोण आहे तो?"

"सारा गाव हाय, साहेब," हबीबभाई सरळपणे म्हणाले. "तुमच्या पोरीचं जमलं तं कपडे आमच्याकडंच शिवजा. मेहेरबानी होईन."

भगवंतराव दोन पावलं मागे सरले. "सारा गाव," ते मला म्हणाले. "नामदेवा, सारा गाव फोडला आहे!"

शेवटी पुंडलिकाचं घर. तो मळ्यात पाणी देत होता. बोलावल्यावर चिखलाच्या पायांनी, नुसत्या बंडीत तसाच आला. काटक, सावळा, आणि हात असे लांब, की त्यांचं काय करावं हे त्यालाही उमगलेलं दिसत नव्हतं.

"कोट कुठे आहे?" भगवंतरावांनी झडप घातली.

"माह्यापाशी नाई." तो कानापर्यंत लाल झाला. "अन् मले पोरीवाल्यायले दाखवत नाई आता. माहं जमलं पिंपळगावले."

"मुलगी कशी आहे?"

पुंडलिकाने अंगठ्याने जमीन उकरली. बराच वेळ उकरली.

"हासते," तो म्हणाला आणि मळ्यात परत गेला. पाणी तोवर भलत्याच वाफ्यात शिरलं होतं. तो ते बघतही नव्हता.

"हाच म्होरक्या," रस्त्यावर येताच भगवंतराव म्हणाले. "साऱ्या गावाच्या अंगात कोट आहे, एकट्या याच्या नाही. ज्याच्या अंगावर पुरावा नसतो तोच खरा गुन्हेगार."

"अन् ते 'हासते'?"

"सांकेतिक शब्द."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंपळगावला मोतीरामांच्या अंगणात भगवंतरावांनी निकाल सांगितला. वेषांतर, घाट, कापूस, जर्मनी, काही गाळलं नाही. मोतीरामांना जर्मनी कळली नाही, पण 'म्होरक्या' कळला. त्यांचा चेहरा उतरला. काढलेली पानाची चंची त्यांनी न उघडताच कमरेला परत खोचली.

"अवं," शेवटी त्यांनी बायकोला हाक दिली, "त्यायचा तो नारळ काढ बाहीर. मी आजच नेऊन देतो."

सरस्वतीबाई उठेनात. दाराआडून रुख्मिणी पुढे आली. चुलीपुढून आल्यासारखी लाल दिसत होती, पण आवाज शांत होता.

"बाबा, कोट त्याचा नवताच."

"तुले कोनं सांगतलं?"

"त्यानंच."

"कवा?"

"पानी द्याले गेली तवा. तुमी सारे बैलाच्या गोष्टीत होते. कोटाच्या बाह्या त्याच्या कोपरालोगच येऊन राह्यल्या होत्या. हात लपवाले पाहे, लपतच नवते. म्या हळूच इचारलं, कोट कोनाचा? तं म्हणे, हबीबभाईचा. कोन्या सायबानं शिवाले टाकला अन् नेलाच नाई. साऱ्या देऊळघाटात तेवढाच एक हाय. जो पोरगी पाहाले जाते त्याले तो देते, अन् लगन जमलं का कपडे त्याच्याकडं शिवा लागते. म्हणे, जरा जपून पानी द्या. उद्या दुसऱ्याले द्या लागते, डाग पडला तं हबीबभाई माहा जीव घेईन." एवढं सांगून तिला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला.

"अन् हिरवी गुंडी?" भगवंतरावांनी घाईने विचारलं.

"काळी विहिरीत पडली म्हणे. कोनी तरी पोरीकडची विहीर वाकून पाहून राह्यला होता."

"विहिरीची खोली!" भगवंतराव मला म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मोतीराम मुलीकडे बघतच राहिले. "मंग पोरी, इतके दिवस बोलली काऊन नाई?"

"मी बोलाले लागली तं तुमी म्हणे, मोठ्या मान्सात बोलू नोको." रुख्मिणी आता हसत नव्हती. "साहेबानं जानेफळलोग जाऊन इचारलं. घरात मले कोनी इचारलं? अन् बाबा, दुसरा कोनी असता तं म्हणला असता, माहाच हाय कोट. हा पहिल्याच दिशी खरं बोलला. मले तेवढं पुरलं."

मोतीरामांनी माझ्याकडे पाहिलं. "नामदेवभाऊ, खरं काय हे?"

"हाव," मी म्हणालो. "भिंतीवरून जाताना पाहिला मी."

मोतीरामांच्या पोटातून आधी एक उचकी आली. मग दुसरी आली, तेव्हा ते हसत आहेत हे सगळ्यांना कळलं. "बापाऽ! गावाचा कोट!" ते मांडीवर थापा मारत म्हणाले. "अन् मी नारळ घेऊन निंघालो होतो! त्यायच्याइथं जाऊन का सांगतलं असतं म्या? तुमच्या कोटाचं लगन मोडलं म्हनून?" सरस्वतीबाईंनी डोळे पुसले, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोघी लगबगीने घरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

भगवंतराव मात्र खचले नव्हते. अंगणाच्या मधोमध जाऊन त्यांनी उपरणं सावरलं, घसा साफ केला.

"मंडळी! मी प्रथमपासून याच निष्कर्षाकडे येत होतो. वाट जरा लांबची घेतली, कारण जवळच्या वाटेवर शत्रू दबा धरून बसतो. आज एक कोवळा संसार वाचला. सरकारला कळो वा न कळो, वऱ्हाडचा कापूस सुरक्षित आहे. उद्या जगावर युद्धाचे ढग दाटून आले, तर इतिहास विचारील, की त्या वेळी पिंपळगावच्या या अंगणात ठामपणे कोण उभं होतं?"

सरस्वतीबाई धुतलेल्या गव्हाची टोपली कडेवर घेऊन बाहेर आल्या. लग्नाचे गहू. रुख्मिणीने मागून येऊन अंगणभर धोतर अंथरलं. भगवंतरावांच्या पायांपर्यंत आल्यावर तिला थांबावं लागलं. आईने त्यावर गहू वाळत घातले.

"सायेब," सरस्वतीबाई म्हणाल्या, "जरासे बाजूले सरता का? गव्हावर सावली पडून राह्यली."