अपूर्वच्या सुजलेल्या गालाचं प्रकरण

‘इंद्रजीत म्हणजे खाडीपासून पळस्पे फाट्यापर्यंतच्या गुन्हेगारांचा कर्दनकाळ. एका नजरेत माणसाचा भूतकाळ वाचणारा, झोपेतही सावध.’ ही ओळख त्याने स्वतःच लिहून माझ्याकडून पाठ करून घेतली आहे. प्रत्यक्षात तो बी.कॉम.ला आहे आणि झोपेत अंगावरचं पांघरूण ओढून नेलं तरी त्याला पत्ता लागत नाही. मी निनाद, त्याचा सहायक. हे पदही त्यानेच दिलं, मी मागितलं नव्हतं.

नवीन पनवेलच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसरा अपूर्व, डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आठवडाभर तो घरातही मास्क लावून फिरत होता, कॉलेज बुडवत होता आणि डब्यातली पोळी आमटीत कुस्करून गिळत होता. काल मास्क घसरला. डावा गाल टम्म फुगलेला, अंगात ताप.

“डॉक्टरकडे चल,” मी म्हणालो.

“नको,” म्हणाला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

इंद्रजीतने डोळे मिटले. “कोणीतरी ठोसा मारलाय. प्रेमप्रकरण.”

“अपूर्व मुलींशी बोलतसुद्धा नाही.”

“म्हणजे एकतर्फी. म्हणून ठोसाही एकाच गालावर.”

संध्याकाळपर्यंत गालात तस्करीचे हिरे आले. आज सकाळी तर आतला माणूस अपूर्वच नाही, तोतया आहे, असं निघालं. पुरावा काय, तर खरा अपूर्व कांदाभजीला कधीच नाही म्हणत नाही.

आतून कण्हण्याचा आवाज आला तेव्हा मात्र माझं हसू पळालं. मी त्याच्या वर्गातल्या मितालीला फोन केला. ती आली आणि तिने दारावर टकटक केली.

“अप्या, दाढ आहे ना?”

“हो,” आतून आवाज आला.

“अशक्य,” इंद्रजीत म्हणाला. “दातांचाच विद्यार्थी दात दाखवायला घाबरेल?”

“तोच घाबरणार,” मिताली म्हणाली. “आम्हाला परीक्षेआधी ठरावीक रूट कॅनल करून दाखवावी लागतात आणि पेशंट मिळत नाहीत. हा खुर्चीत बसला की अख्खी बॅच तुटून पडेल.”

दार उघडलं. “आणि मी त्यांचे हात बघितलेत,” अपूर्व कसाबसा म्हणाला. “वर आमचे सर माझं तोंड उघडं ठेवून सगळ्यांची व्हायवा घेतील.”

“मग बाहेर दाखव ना,” मी म्हणालो.

“पनवेलात कुठेही गेलो तरी तिथला डॉक्टर सरांचाच विद्यार्थी. संध्याकाळपर्यंत सरांना कळणार.”

मितालीने त्याच्या चपला पुढे सरकवल्या. “मीही अक्कलदाढ अशीच लपवली होती. फार सोसलं. ऊठ आता.”

रिक्षाने कॉलेजात नेलं. सरांनी कोणालाच हात लावू दिला नाही, स्वतः पू काढला. बॅच भोवती उभी होतीच. व्हायवा झाली नाही.

“आणखी उशीर केला असता तर सूज गळ्यात उतरली असती,” सर म्हणाले. “श्वास घेणं कठीण झालं असतं.”

अपूर्वने डोळे मिटून घेतले.

“खरं सांगा,” सरांनी विचारलं, “आणखी कोण दुखणं अंगावर काढतंय?”

एक हात वर गेला. मग दुसरा. बघता बघता अर्धी बॅच हात वर करून उभी.

रिक्षावाल्याची उलटतपासणी संपवून इंद्रजीत नेमका त्याच क्षणी आत आला. हात वर पाहून त्याला वाटलं, प्रकरण कोणी सोडवलं तेच विचारताहेत. त्याने दोन्ही हात वर केले.

सरांनी त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं. दोन दाढा किडलेल्या निघाल्या. कापसाचा बोळा दाबून धरलेला अपूर्व आठवड्यात पहिल्यांदा हसला, आणि मला इतकं हायसं वाटलं की इंद्रजीतची कीव करायचं राहूनच गेलं.